पाचवं काडतूस

१

बर्लच्या दुकानात रिव्हॉल्व्हर हातात देण्याची एक रीत होती. काचेच्या कपाटातून वस्तू काढली की तो आधी तिचं चक्र बाजूला उघडायचा, पाचही खण उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना ते पाहायचा आणि मगच मूठ पुढे करायचा. घेणाऱ्याने पुन्हा तेच करायचं. समोरच्याने आत्ताच पाहिलंय म्हणून आपण न पाहणं, हा तिकडे अडाणीपणा समजला जाई.

लिनेटला हे ठाऊक नव्हतं. तिने पहिलंच रिव्हॉल्व्हर भाजीची जुडी घ्यावी तसं घेतलं. बर्लने ते परत घेतलं, उघडलं, पाहिलं आणि पुन्हा दिलं. शेजारी तिची सासू व्हर्ना उभी होती. ती छताकडे बघत म्हणाली, “शहरातली आहे. तिचे वडील शाळेत फ्रेंच शिकवतात.”

“शिकेल हो,” बर्ल म्हणाला. “फ्रेंचपेक्षा हे सोपं आहे.”

लग्नाला तीन महिने झाले होते. लिनेटचा नवरा ट्रेंट नदीवर कामाला होता. मालाचे तराफे, म्हणजे बार्ज, ढकलणाऱ्या बोटीवर अठ्ठावीस दिवस आणि मग चौदा दिवस घरी. त्यांचं घर केंटकीतल्या पडूका गावापासून अकरा मैलांवर, खडीच्या रस्त्याच्या कडेला होतं. छोटं, हिरव्या पत्र्याच्या छपराचं. त्यामागे नुसतं रान. या घरावर लिनेटचा जीव जडला होता. स्वयंपाकघरातल्या सिंकसमोरच्या खिडकीतून सकाळी कुंपणावरची पाखरं मोजत कॉफी प्यायची, एवढ्याच सुखासाठी आपण लग्न केलं असावं, असं तिला कधीकधी वाटे. ट्रेंटला अर्थातच तिने हे सांगितलं नव्हतं.

ट्रेंटची मात्र एक अट होती. तो नसताना तिला त्या घरात एकटीने राहायचं असेल, तर अंगावर रिव्हॉल्व्हर बाळगायचं. नाहीतर ते अठ्ठावीस दिवस व्हर्नाकडे. व्हर्नाकडे म्हणजे सकाळी सातला बायबल, आठला टीव्ही, आणि जेवताना तिघी मोठ्या सुनांशी तुलना.

म्हणून लिनेट बर्लच्या दुकानात उभी होती.

“हे बघ,” व्हर्नाने गुलाबी मुठीचं एक दाखवलं. “नव्या नवरीला शोभेल.”

“चोर आधी हसेल,” लिनेट म्हणाली.

“हसू दे की. तेवढा वेळ मिळेल.”

गुलाबी बाजूला पडलं. मग एक अगदी हलकं, नवं कोरं. “खिशात आहे की नाही कळत नाही,” बर्ल म्हणाला, “पण उडवल्यावर मनगट आठवडाभर आठवण काढतं. हलकं रिव्हॉल्व्हर बाळगायला बरं, चालवायला वाईट. जड चालवायला बरं आणि बाळगायला नको वाटतं. आणि घरी राहिलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे कागदावर ठेवायचं वजन.”

तिसरं जुनं होतं. पोलादी, आखूड नळीचं, लाकडी मुठीचं. त्याचा काळा रंग एका बाजूने घासून चांदीसारखा झाला होता. लिनेटने या वेळी रीतीप्रमाणे चक्र उघडलं, पाच खणांतून दुकानाचा उजेड पाहिला, बंद केलं आणि भिंतीकडे रोखून चाप ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा चाप मागे आला.

“कुणाचं होतं?”

“एका बाईचं. बारा-तेरा वर्षं रोज बाळगायची. जपायची.” बर्लने मुठीकडे बोट केलं. “डावखुरी होती. अंगठ्याची जागा बघ.”

मुठीच्या उजव्या अंगाला लाकूड झिजून खळगा पडला होता. लिनेटच्या उजव्या हाताचा तळवा नेमका तिथे टेकत होता. कुणाच्या तरी पायताणात पाय घालावा तसं वाटलं, पण गैरसोयीचं नाही वाटलं.

“हेच,” ती म्हणाली.

निघताना बर्लने दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे, पाचही खण भरायचे. घोड्याखालचा खण रिकामा ठेवायची जुन्या लोकांची सवय होती, रिव्हॉल्व्हर पडलं तर उडू नये म्हणून. या घडणीला त्याची गरज नव्हती. “माझे बाबा मरेपर्यंत चारच घालायचे,” व्हर्ना मध्येच म्हणाली. बर्लने मान डोलावली, पण मत बदललं नाही.

दुसरी गोष्ट कोपराची. “नवे लोक सारखं कोपराने चाचपतात, आहे ना कमरेला म्हणून. आपल्याला कळत नाही, पण बघणाऱ्याला लगेच कळतं. चाचपायचं नाही, पोरी. असतंच ते तिथे.”

२

आठवड्यात सवय झाली. लिनेट जनावरांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. तिथली नाडीची विजार कमरेला कसलंच वजन पेलेना, म्हणून तिने सदऱ्याखाली बांधायचा रुंद पट्टा घेतला आणि त्यात उजव्या कमरेला रिव्हॉल्व्हर. डॉक्टरांकडे एक होतंच, येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाकडे असायचं. दवाखान्यात निःशस्त्र अशी फक्त मांजरं.

दिवसभर अंगाला लागून राहिल्यावर पोलाद माणसाइतकंच गरम होतं, हे तिला नव्याने कळलं. संध्याकाळी पट्ट्यातून काढताना ते झोपेतून उचललेल्या पिल्लासारखं लागायचं.

घरी आली की ती ते लगेच काढायची. घरात कशाला. झोपायच्या खोलीत फडताळावर कुलपाची लोखंडी पेटी होती. तिची एक किल्ली लिनेटच्या गळ्यात, दुसरी ट्रेंटजवळ, म्हणजे बोटीवर. ती रिव्हॉल्व्हर पेटीत आडवं ठेवायची, मूठ उजवीकडे, म्हणजे सकाळी हात सरळ मुठीवर जावा.

ट्रेंट बोटीवर गेल्यापासून नवव्या दिवशी सकाळी मूठ डावीकडे होती.

लिनेटने ते फिरवून उचललं आणि बाहेर पडली. काल दमले होते, ठेवलं असेल उलटं. दहाव्या दिवशी ठेवताना तिने मोठ्याने म्हटलं, “उजवीकडे.” आपल्याच आवाजाचं तिला हसू आलं. सकाळी मूठ डावीकडे होती.

हसू येण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, पण घाबरण्यासारखंही काही नव्हतं. मूठ इकडून तिकडे झाली, एवढंच. ती झोपेत चालत असेल. लहानपणी एकदा चालली होती, आई सांगायची.

३

त्या जानेवारीत थंडी कडक होती. झोपायच्या खोलीची उत्तरेकडची भिंत सकाळी हात लावू देत नसे आणि फडताळ त्याच भिंतीला होतं. पेटीचं झाकण उघडताना बोटं बधिर व्हायची.

बाराव्या दिवशी आतलं रिव्हॉल्व्हर गरम होतं.

भाजण्याइतकं नाही. संध्याकाळी पट्ट्यातून काढताना असायचं, तितकंच. लिनेट ते हातात धरून पलंगाच्या काठावर बसली आणि ते हळूहळू निवताना पाहत राहिली. पाच-सात मिनिटं लागली. म्हणजे तिने पेटी उघडली, त्याच्या जरासंच आधी ते कुणाच्या तरी अंगाजवळ होतं.

फ्रेंच शिकवणाऱ्या माणसाची मुलगी होती ती. वडील म्हणायचे, शंका आली की आधी तपासून बघ, मग घाबर. घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीची गरम हवा कुठून तरी पेटीपर्यंत पोचत असेल. तिने त्या संध्याकाळी रिव्हॉल्व्हरच्या शेजारी एक पोलादी चमचा ठेवला. जाडजूड, डावाएवढा. हवेने गरम होत असेल तर दोन्ही होतील. आणि पेटीच्या झाकणावर, कडेला, स्वतःचा एक केस थुंकीने चिकटवला. झोपेत चालत असेन तर हा तुटेल.

सकाळी केस जागच्या जागी होता. तिने पेटी उघडली. चमचा बर्फासारखा.

रिव्हॉल्व्हर तिने शेवटी हातात घेतलं. ते गरम होतं. मग तशीच उठली, कॉफी केली आणि पहिल्यांदाच कुंपणावरची पाखरं न मोजता प्यायली.

४

काडतूस तिला पहिल्यांदा पंधराव्या दिवशी मिळालं. सिंकसमोरच्या खिडकीच्या चौकटीवर ते उभं ठेवलेलं होतं, मीठदाणी ठेवावी तसं. तिने पेटीतलं रिव्हॉल्व्हर उघडून पाहिलं. चार भरलेले खण, आणि घोड्याखालचा पाचवा रिकामा.

तिला एकदम हायसं वाटलं. कारण हे व्हर्नाचंच काम असणार. चार घालणारे बाबा व्हर्नाचे. घराची किल्ली व्हर्नाकडे होतीच. पेटीची तिसरी किल्ली ट्रेंटने गुपचूप करून दिली असेल. सुनेला घाबरवून आपल्याकडे आणायचा डाव. लिनेटला रागापेक्षा आदरच वाटला.

त्याच दुपारी व्हर्ना कोंबडी-नूडलचं भांडं घेऊन आली. शनिवार होता, दवाखाना बंद.

“वाळलीस,” ती म्हणाली.

“मिस व्हर्ना,” लिनेट म्हणाली. ‘मॉम’ अजून तोंडात बसत नव्हतं. “तुम्ही मी नसताना घरी येता का?”

“कशाला येऊ? तुझी धूळ पुसायला?”

“चार गोळ्या घालायच्या की पाच, यावर तुमचं मत काय आहे?”

“माझं मत आहे की हे भांडं ओव्हनमध्ये टाकावं.” व्हर्नाने कोट काढला. “आणि घरी असलीस तर हाक मारल्यावर ओ द्यावी. गुरुवारी दहाच्या सुमारास इथून जात होते, या खिडकीत उभी होतीस. हॉर्न वाजवला, हात केला. ढुंकून पाहिलं नाहीस. तुलनेसाठी सांगत नाही, पण तुझी मोठी जाऊ ट्रेसी निदान पडदा तरी हलवते.”

गुरुवारी दहाला लिनेट दवाखान्यात एका बुलडॉगची नोंद करत होती.

“मीच होते?” तिने विचारलं.

“नाहीतर कोण? पाठमोरी होतीस. आणि बर्लने सांगितलेलं लक्षात ठेव जरा. सारखी कोपराने कमर चाचपत होतीस. रस्त्यावरून कळत होतं.”

लिनेटने भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, दार लावलं. मग, उगाच विचारावं तसं विचारलं, “कुठलं कोपर?”

व्हर्नाने डोळे मिटून आठवलं, स्वतःचा हात हलवून पाहिला.

“डावं,” ती म्हणाली. “का गं?”

५

सांगावं की नाही, हा प्रश्न तिने चार दिवस घोळवला. सांगितलं तर दोनच गोष्टी होणार. एक, सगळे म्हणणार की पोरीला एकटेपणा बाधला. दुसरी, म्हणून व्हर्नाकडे. खिडकी, कॉफी, हिरवं छप्पर, सगळं संपलं.

ती रोज सकाळी चौकटीवरचं काडतूस उचलायची, पाचव्या खणात घालायची आणि कामावर जायची. दुसऱ्या सकाळी ते चौकटीवर उभं असायचं. दोघींत जणू मतभेद होता, आणि दोघीही आपापल्या मताला धरून होत्या. हे सुद्धा अंगवळणी पडलं असतं. लिनेटला स्वतःविषयी हेच आश्चर्य वाटायचं, की माणूस कशालाही सरावतो.

पंचविसाव्या दिवशी ट्रेंटचा फोन आला. मागे बोटीचं इंजिन घरघरत होतं.

“शुक्रवारी उतरतो. दुपारी दोनपर्यंत घरी. बीन्स घातलेली चिली करशील?”

“करते.”

“मॉम म्हणाली, तू आता पक्की झालीस. घरातसुद्धा बाळगतेस.”

लिनेटने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“चांगलंच आहे की,” ट्रेंट हसला. “फक्त मी दारातून आत आलो की मला गोळी घालू नकोस म्हणजे झालं.”

हा तिकडचा नेहमीचा विनोद. शेजारी अंडी मागायला आले तरी हेच म्हणत आत यायचे. लिनेटने शंभरदा ऐकला होता, स्वतःही केला होता.

“ट्रेंट,” ती म्हणाली, “मी ते परत देणार आहे.”

“परत? का?”

“नाही जमत माझं त्याच्याशी.”

“मग पुढच्या खेपेला मॉमकडे. ठरलंय आपलं.”

“हो,” लिनेट म्हणाली. खिडकीतून कुंपण दिसत होतं. “जाईन मी मॉमकडे.”

तो शब्द असा पटकन निघाला, त्याचं तिलाच नवल वाटलं. पण घर जाऊ दे, असं तिने ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी दोन वाजता त्या दारातून ट्रेंट आत येणार होता, आणि त्या वेळी घरात ती एकटी नसणार होती.

६

गुरुवारी सकाळी तिने रिव्हॉल्व्हर पेटीतून काढलं, चार काडतुसं तशीच राहू दिली, ते गाडीत मागच्या बाजूला डब्यात बंद केलं आणि दवाखाना सुटल्यावर चार वाजता बर्लकडे गेली. गाडी दिवसभर उघड्यावर होती. पाण्याची बाटली गोठली होती.

बर्लने चक्र उघडलं, काडतुसं काढून ठेवली, खण उजेडाकडे धरले. मग ते तळहातावर तोललं आणि तिच्याकडे पाहिलं.

“आत्ता कमरेवरून काढलंस?”

“सकाळपासून गाडीत आहे.”

बर्लने बाहेरच्या गाडीकडे पाहिलं, काचेवरच्या बर्फाकडे पाहिलं. रिव्हॉल्व्हर त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, आणि मग टेबलावर ठेवलं.

“चारच घालायची तीही,” तो म्हणाला. “कितीदा सांगितलं, नाही ऐकलं.”

“अजून काय करायची ती?”

“मला काय ठाऊक. गिऱ्हाईक होती.” तो जरा वेळ कपाटाची काच पुसत राहिला. “एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. लोक बाहेर जाताना बाळगतात ना? ती दुकानात, चर्चमध्ये, कुठेच नाही न्यायची. बाहेरून आली, दार लावलं, की कमरेला. मला म्हणाली होती एकदा, मिस्टर बर्ल, मला बाहेर कशाची भीती आहे?”

“तिच्या घरी कोण होतं?”

“नवरा. तोही नदीवरच होता. महिना महिना बाहेर.”

“आणि हे विकायला तीच आली?”

“नाही,” बर्ल म्हणाला. “नवऱ्याची बहीण आली. पोलिसांच्या पाकिटात घालून.” मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, “या धंद्यात का म्हणून विचारत नाहीत, पोरी. विचारलं तर एकही वस्तू विकता यायची नाही. दुसरं बघतेस? गुलाबी आहे अजून.”

“नको.”

तिच्यासमोर त्याने ते मागच्या पोलादी तिजोरीत ठेवलं आणि हँडल फिरवलं. लिनेटने तो खटका नीट ऐकला. घरी जाताना रस्ताभर ती गुणगुणत होती.

७

शुक्रवारी तिने रजा घेतली होती. सकाळी तिने पेटी उघडून पाहिली. रिकामी आणि थंडगार. झोपही छान झाली होती.

सिंकसमोरच्या खिडकीत पाचवं काडतूस उभं होतं. काल सकाळी ते न्यायचं राहून गेलं होतं, हे तिला आता आठवलं. तिने ते हातात घेऊन पाहिलं आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं. रिव्हॉल्व्हर अकरा मैलांवर तिजोरीत, आणि इथे नुसतं काडतूस. त्याच्याने काय होतंय. बर्लकडे पुन्हा जाणं झालं की देऊ.

तिने बीन्स शिजवले, मांस परतलं, मक्याचा पाव ओव्हनमध्ये टाकला. पाखरं मोजली. चौदा. कामाच्या नादात तिला कुठेतरी आखडल्यासारखं वाटत होतं, डावी बाजू जरा जड, पण भांडी उचलून होतं तसं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना खडी वाजली. ट्रेंटच्या पिकअपचं दार आपटलं. मग पायऱ्यांवर बूट, आणि दाराबाहेरून त्याचा आवाज.

“लिन, मी आलोय. गोळी घालू नकोस.”

ती हसत दाराकडे धावली. त्याच्या जॅकेटला डिझेलचा आणि नदीचा वास होता. अठ्ठावीस दिवसांची दाढी तिच्या कपाळाला घासली. त्याने तिला दोन्ही हातांनी उचलून धरलं, खाली ठेवलं, पुन्हा जवळ घेतलं, पाठीवरून हात कमरेपर्यंत आणला. आणि हात तिथेच थांबला.

“परत देणार म्हणाली होतीस ना?” त्याने विचारलं. आवाजात अजून हसू होतं.

“दिलंय. काल. बर्लने माझ्यादेखत तिजोरीत ठेवलं.”

“मग हे काय आहे?”

त्याचा तळवा तिच्या डाव्या कमरेवर होता, स्वेटरवरून, कशावर तरी. लिनेटने खाली पाहिलं नाही. ते गरम आहे हे पाहायची तिला गरज नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती. चौकट स्वच्छ होती. चौकटीवर काही उभं नव्हतं.

“लिन?”

तिचं डावं कोपर हळूच आत आलं आणि कमरेला टेकलं, आहे ना ते बघायला. लिनेटने ते हलवलं नव्हतं.